एक्झिमा, सोरायसिस आणि पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारे त्वचेचे आजार: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मला लहानपणापासून एक्झिमा आहे आणि आमच्या घरात सोरायसिसही आहे, त्यामुळे हे प्रश्न मी विचारलेही आहेत आणि आता लोक मला विचारतात. मी डॉक्टर नाही. तुमच्या त्वचेकडे बघून औषध ठरवायचं काम डॉक्टरांचंच आहे, पण ते औषध घरी आणल्यावर किती लावायचं, कधी थांबवायचं, काय बघायचं हे दवाखान्यात नीट बोलायला वेळच मिळत नाही आणि बहुतेक सगळा घोळ तिथेच होतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिलंय.

यात नेमके कोणते आजार येतात?

ज्यात त्वचेला आतून सूज असते आणि ती महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षं येत-जात राहते असे सगळे. एक्झिमा (काही लोक इसब म्हणतात), सोरायसिस, डोक्यात आणि भुवयांत चिकट कोंडा होणारा सेबोरिक डर्मटायटिस, एखाद्या वस्तूच्या स्पर्शाने होणारा कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, चेहऱ्यावरचा रोझेशिया, खाजऱ्या जांभळट चपट्या पुटकुळ्या येणारा लायकेन प्लॅनस, काखेत-जांघेत दुखऱ्या गाठी होणारा हायड्राडेनायटिस. 6 आठवड्यांपेक्षा जास्त दिवस अंगावर पित्त उठत असेल तर तेही क्रॉनिक (म्हणजे लांबत चालणारं) समजतात. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी, शरीराची प्रतिकारशक्ती गरज नसताना त्वचेत भांडण उकरून काढते.

हे एकाचं दुसऱ्याला लागतं का?

नाही. हात मिळवून नाही, एकच टॉवेल वापरून नाही, शेजारी झोपून नाही. एक्झिमा असलेल्या मुलाला वर्गात वेगळं बसवलं असं कुणी सांगितलं की मला अजूनही राग येतो, कारण त्या मुलाच्या लक्षात खाजेपेक्षा तेच जास्त राहतं. फक्त एक लक्षात घ्या, एक्झिमाच्या जखमेत वरून बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालं असेल तर ते इन्फेक्शन पसरू शकतं, एक्झिमा नाही.

मग हे होतं कशामुळे? काही चुकलं का आमचं?

काही चुकलेलं नसतं. एक्झिमात बऱ्याच लोकांची त्वचा जन्मतःच कमकुवत असते, फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवतं आणि त्याच्या जीनमधला बदल हा एक्झिमाचा मोठा धोका आहे हे 2006 मध्ये दिसून आलं. थर सैल असला की पाणी बाहेर जातं, त्वचा कोरडी पडते, धूळ-साबण-जंतू आत शिरतात, सूज येते, खाज सुटते, खाजवलं की थर अजून फाटतो. असं ते गोल गोल फिरत राहतं. याच लोकांना किंवा त्यांच्या घरात कुणाला दमा नाहीतर ॲलर्जीची सर्दी असणं पण कॉमन आहे.

सोरायसिसचं गणित वेगळं. नेहमीच्या त्वचेत नवी पेशी तयार होऊन वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो, सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम काही दिवसांतच उरकतं, म्हणून पेशी गळायच्या आधीच एकावर एक साचतात आणि चंदेरी पांढऱ्या जाड खपल्या दिसतात. घराण्यात असलं तर शक्यता वाढते, पण घरात कुणालाच नसतानाही होतं. घसा धरल्यावर (स्ट्रेप्टोकोकसचं इन्फेक्शन) दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबाथेंबासारखे चट्टे येतात तोही सोरायसिसच, आणि तो लहान-तरुण मुलांत जास्त दिसतो. लिथियम आणि ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी (बीटा ब्लॉकर) सोरायसिस बिघडू शकतो, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्या स्किनच्या डॉक्टरांना सांगा, पण मनाने कुठलीच बंद करू नका.

एक्झिमा आहे की सोरायसिस हे घरी ओळखता येतं का?

अंदाज येतो, खात्री नाही. एक्झिमा बहुतेक कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या मागे, मानेवर, पापण्यांवर असतो, कडा पुसट असतात, कधी पाणी सुटतं आणि खाज अगदी जीव नकोसा करते. सोरायसिस उलट कोपराच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्यावर, कमरेच्या खाली, डोक्यात केसांच्या कडेने, आणि त्याची कड पेनाने आखल्यासारखी स्पष्ट असते. नखं बघा, नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील किंवा नख टोकाकडून सुटत असेल तर सोरायसिसकडे बोट जातं. खरचटलं, कापलं, ऑपरेशन झालं त्या जागेवरच नवा चट्टा येणं हेही सोरायसिसमध्ये होतं, याला कोबनर फिनॉमिनन म्हणतात. पण तळहात-तळपायावर हे दोन्ही इतके सारखे दिसतात की डॉक्टरही कधी कधी बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी) करून बघतात.

पुस्तकात लाल चट्टे लिहिलंय, माझे तर लाल नाहीतच!

सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर सूज लाल दिसत नाही. ती जांभळट, राखाडी, नाहीतर आजूबाजूपेक्षा गडद तपकिरी दिसते आणि म्हणून आजार बारीक आहे असं समजून ट्रीटमेंट कमी दिली जाते. रंगापेक्षा स्पर्शावर भर द्या, हात फिरवल्यावर ती जागा गरम, जाड, खरखरीत लागतेय का बघा. सूज गेल्यावर काळा किंवा फिकट डाग मागे राहतो आणि तो जायला महिने लागतात, तो डाग म्हणजे आजार चालू आहे असं नाही, त्यावर स्टेरॉइड चोळत बसायचं नाही.

कायमचं बरं होईल का?

लहानपणीचा एक्झिमा बऱ्याच मुलांत मोठेपणी खूप कमी होतो किंवा जातो. सोरायसिस मुळासकट घालवणारं औषध आजच्या घडीला नाही, आणि गॅरंटीने घालवतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पण त्वचा पूर्ण स्वच्छ, खाज नाही, झोप शांत, असं वर्षानुवर्षं ठेवता येतं आणि आत्ताची औषधं यात खरंच खूप पुढे गेलीत.

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात: चट्टा दिसेनासा झाला की सगळंच बंद करतात. वरून त्वचा साफ दिसली तरी आत सूज थोडी शिल्लक असते, आणि अशा वेळी सोडून देणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला नुसता रंग मारल्यासारखं आहे, काही दिवसांनी पोपडा तिथेच येणार. त्वचा शांत आहे त्या दिवसांत काय करता यावर पुढचा फ्लेअर (म्हणजे आजार पुन्हा भडकणं) कधी येणार हे बरंचसं ठरतं.

मॉइश्चरायझर कोणतं आणि किती लावायचं?

महाग म्हणजे चांगलं असं काही नाही. वासाचं नको, रंगाचं नको, आणि जितकं घट्ट तितकं कोरड्या त्वचेला बरं. लोशन पातळ असतं, क्रीम मधलं, मलम सगळ्यात चिकट पण सगळ्यात जास्त टिकणारं. जे तुम्ही रोज लावाल तेच तुमच्यासाठी बेस्ट, कपाटात पडून राहिलेलं मलम काही कामाचं नाही.

प्रमाण ऐकून लोक दचकतात. अंगभर एक्झिमा असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागतं. म्हणजे छोटी ट्यूब दोन महिने पुरतेय तर तुम्ही लावतच नाही आहात असं समजा! दिवसातून निदान दोनदा, केसांच्या दिशेने वरून खाली हात फिरवत, रगडायचं नाही. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर जंतू डब्यात जातात.

आणि एक गोष्ट जी कुणीच सांगत नाही, मॉइश्चरायझर मुरलेले कपडे, चादरी, बँडेज पटकन पेट घेतात, धुतल्यावरही तो अंश पूर्ण जात नाही. सिगरेट, मेणबत्ती, गॅसची शेगडी यांच्याजवळ जपून.

आंघोळ रोज करायची का?

करा, पण कोमट पाण्याने आणि 5-10 मिनिटांत उरका. कडकडीत पाणी खाजेवर त्या क्षणी फार बरं वाटतं आणि नंतर दुप्पट वसूल करतं. फेस होणारा साबण नको, साबणाऐवजी सौम्य क्लेन्झर नाहीतर मॉइश्चरायझरच वापरा. टॉवेलने पुसताना टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग थोडं ओलं असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावून टाकायचं.

स्टेरॉइड क्रीमची भीती वाटते. लावू की नको?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा जास्त लिहितोय.

भीती दोन्ही बाजूंनी नुकसान करते. काही लोक भीतीपोटी इतकं कमी लावतात की सूज कधी विझतच नाही आणि मग महिनोन्महिने थोडं थोडं लावत बसतात, म्हणजे शेवटी जास्तच लावलं जातं. आणि दुसरे, एका ट्यूबने बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता तीच ट्यूब वर्षभर चेहऱ्याला लावतात. दोन्ही चूक.

स्टेरॉइड सगळी सारखी नसतात. 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन अगदी सौम्य, मोमेटासोन आणि बीटामेथासोन व्हॅलरेट स्ट्राँग, क्लोबेटासोल सगळ्यात वरचं. चेहरा, पापण्या, काख, जांघ इथली त्वचा पातळ असते आणि औषध जास्त शोषते म्हणून तिथे सौम्यच, तळहात-तळपाय जाड म्हणून तिथे स्ट्राँग लागतं. क्लोबेटासोल साधारण सलग 2 आठवड्यांच्या वर आणि आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नसतं. त्यामुळे शेजाऱ्याची ट्यूब तुमच्या कामाची नाही, आजार तोच असला तरी.

किती लावायचं याचं माप तुमच्या बोटावरच आहे. नेहमीच्या ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत एक रेघ काढा, ती अंदाजे अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा होते. या हिशोबाने मोठ्या माणसाच्या चेहरा आणि मानेला अडीच रेघा, एका हाताला (पंजा सोडून) 3, एका पायाला (पाऊल सोडून) 6. मोठ्या माणसाच्या बोटाने मोजायचं, लहान मुलाला लावतानाही, फक्त मुलाला किती रेघा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

साधारणपणे दिवसातून एकदा पुरतं, काही औषधं दोनदा असतात. मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड यात 20-30 मिनिटांचं अंतर ठेवा, आधी कोणतं यावर वाद घालू नका. चट्टा नुसता फिकट झाला म्हणून थांबू नका, हाताला गुळगुळीत लागेपर्यंत लावा किंवा डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. ज्यांना त्याच त्याच जागी परत येतं त्यांना डॉक्टर कधी कधी आठवड्यातून फक्त दोन दिवस त्या जागांवर लावत राहायला सांगतात, त्वचा साफ असली तरी, आणि एक्झिमात हा उपाय खरंच चालतो.

चुकीचं वापरलं तर काय होतं? त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, ताणल्यासारखे पांढरे वण पडतात (ते जात नाहीत), चेहऱ्यावर पुरळ येतं. खूप काळ स्ट्राँग स्टेरॉइड लावून अचानक बंद केलं तर काही लोकांची त्वचा आग होऊन लालबुंद होते, म्हणून लांबलेला वापर थांबवायचा तर डॉक्टरांना विचारून हळूहळू.

स्टेरॉइड नसलेलं काही आहे का?

आहे. टॅक्रोलिमस आणि पिमेक्रोलिमस ही मलमं त्वचा पातळ करत नाहीत म्हणून पापण्या, चेहरा, मान यांना फार उपयोगी. सुरुवातीचे काही दिवस झोंबतं आणि बरेच जण तिथेच सोडतात, थोडी कळ काढा, बहुतेकांचं आठवड्याभरात कमी होतं. सोरायसिसला कॅल्सिपोट्रिऑल नावाचं व्हिटॅमिन डी सारखं मलम असतं, जाड खपल्या सुटायला सॅलिसिलिक ॲसिड. खपली न काढता वरून औषध लावलं तर ते आत पोचतच नाही, म्हणून डोक्यातल्या सोरायसिसला आधी खपली मऊ करणं गरजेचं. नखाने उपटू मात्र नका.

मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं, दोन दिवसांत खाज गेली पण आता गोल गोल पसरतंय.

लगेच डॉक्टरांकडे जा. हा बहुतेक नायटा असतो, म्हणजे फंगस, आणि त्या क्रीममध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइड सूज दाबतं म्हणून बरं वाटतं आणि आत फंगस आरामात वाढत राहतं, शिवाय त्याचं रूप इतकं बदलतं की ओळखणंही अवघड होतं. पुढच्या वेळी ट्यूबवरचे घटक वाचा, नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ दिसलं (बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल) तर विचारल्याशिवाय लावू नका. फंगसच्या काही औषधांची नावंही ‘झोल’ने संपतात, तेव्हा शंका आली तर सरळ विचारा.

रात्री खाज सहन होत नाही, काय करू?

रात्री खाज वाढते हे खरं आहे, तुमच्या मनाचे खेळ नाहीत. खोली थंड ठेवा, लोकरीचं काही अंगाला लागू देऊ नका, सुती सैल कपडे, नखं बारीक कापलेली. मॉइश्चरायझर फ्रीजमध्ये ठेवून गार लावलं तर मला स्वतःला खूप आराम पडतो. खाज आली की खाजवण्याऐवजी तळहाताने दाबून धरा नाहीतर ओला गार कपडा ठेवा. ॲलर्जीच्या गोळीने अंगावरच्या पित्तात चांगला फरक पडतो पण एक्झिमाच्या खाजेवर ती फारशी चालत नाही, झोप आणणारी गोळी झोपेपुरती मदत करते एवढंच. खाज थांबायची असेल तर सूज विझवावी लागते. मुलाला मात्र ‘खाजवू नको, खाजवू नको’ म्हणून ओरडू नका प्लीज, त्याला थांबवता येत असतं तर तो थांबला असता.

पथ्य काय पाळू?

मोठ्या माणसांत खाण्याने एक्झिमा होतो असं फार कमी वेळा असतं. लहान बाळाला खूप जास्त एक्झिमा असेल आणि ठराविक पदार्थ खाल्ल्यावर लगेच पुरळ, ओठ सुजणं, उलटी असं होत असेल तर तपासणी करून घ्यायला हवी. नुसत्या संशयावरून दूध, अंडी, गहू एकामागून एक बंद करत गेलात तर मूल कुपोषित होऊ शकतं आणि एक्झिमा आहे तिथेच राहतो. सोरायसिसमध्ये वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने खरोखर फरक पडतो, औषधंही जास्त चांगली लागू पडतात. सिगरेट आणि दारू दोन्ही सोरायसिस बिघडवतात.

लिंबू, लसूण, व्हिनेगर चट्ट्यावर चोळू नका, त्वचा भाजते.

सोरायसिस आहे आणि आता सांधे दुखतात. संबंध आहे का?

असू शकतो आणि हे अजिबात अंगावर काढू नका. सोरायसिस असलेल्या दर 10 पैकी 2-3 जणांपर्यंत सोरायटिक आर्थ्रायटिस होऊ शकतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ सांधे आखडलेले आणि हालचाल केल्यावर मोकळे होणं, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सगळंच सुजणं, टाच दुखणं, रात्री कंबर दुखून जाग येणं ही लक्षणं आहेत. सांधा एकदा झिजला की परत पूर्वीसारखा होत नाही, म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. त्वचेवर अगदी थोडा सोरायसिस असला तरी सांध्यात होऊ शकतो.

डोक्यातला कोंडा जातच नाही.

नुसता कोंडा नसून सेबोरिक डर्मटायटिस असेल, म्हणजे भुवया, नाकाच्या कडा, कानामागे, दाढीत पण पिवळट चिकट पापुद्रे. त्वचेवर सगळ्यांच्याच असणारी मॅलासेझिया नावाची यीस्ट (एक प्रकारची बुरशी) यात भाग घेते. केटोकोनाझोल शॅम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूला लावून 5 मिनिटं थांबा आणि मग धुवा, लावून लगेच धुतलं तर पैसे पाण्यात. बरं झाल्यावरही आठवडा-दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवा.

काखेत सारखी गळवं येतात, स्वच्छता कमी पडते का?

स्वच्छतेचा काही संबंध नाही. काख, जांघ, स्तनांखाली, नितंबांवर दुखऱ्या गाठी वारंवार होणं, फुटणं, पू येणं, खाली बोगदे तयार होणं आणि वण राहणं हे हायड्राडेनायटिस सप्युराटिवा असू शकतं. लाजेने लोक वर्षानुवर्षं सांगत नाहीत आणि दर वेळी फक्त गळू कापून घेतात, त्यामुळे आजाराचं नाव कळायलाच अनेक वर्षं जातात. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा अशा जागी गाठ झाली तर स्किनच्या डॉक्टरांना सरळ विचारा की हे तेच आहे का. सिगरेट सोडणं, वजन कमी करणं, अँटिबायोटिकचे लांब कोर्स, ॲडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं, ऑपरेशन, असे बरेच मार्ग आहेत.

चेहरा सारखा लाल होतो, गरम होतो?

रोझेशिया असू शकतो. ऊन, गरम पेय, तिखट, दारू, राग यांनी भडकतो. सनस्क्रीन रोज. चेहऱ्यावर स्टेरॉइड लावलं तर तो हमखास बिघडतो. डोळे चुरचुरत असतील तर तेही सांगा.

गोळ्या, इंजेक्शनं आणि लाईट कधी लागतात?

मलमाने आटोक्यात येत नसेल, जागा खूप मोठी असेल, किंवा छोटी असूनही तळहात, चेहरा, गुप्तांग अशा ठिकाणी असून जगणं अवघड झालं असेल तेव्हा. नॅरोबँड युव्हीबी म्हणजे 311 नॅनोमीटरचा ठराविक प्रकाश, आठवड्यातून 2-3 वेळा, काही महिने. उन्हात तासन्‌तास बसणं याला पर्याय नाही.

मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती शांत करणाऱ्या गोळीबद्दल हे नीट वाचा: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं आणि अशी चूक लोकांकडून झालेली आहे. वार ठरवा, घरातल्यांना तो वार सांगून ठेवा, गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका.

बायोलॉजिक इंजेक्शनं सूज वाढवणारा एकेक ठराविक निरोप अडवतात, सोरायसिसमध्ये आयएल-17, आयएल-23 वगैरे (आयएल म्हणजे इंटरल्युकिन, पेशींमधले निरोप पोचवणारी प्रोटीन्स), एक्झिमात आयएल-4 आणि आयएल-13. एक्झिमासाठीचं डुपिलुमॅब अमेरिकेत 2017 मध्ये मंजूर झालं. सोरायसिसची बायोलॉजिक सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात, आणि कुठलीही लस घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. सोरायसिसला पोटातून घ्यायचं स्टेरॉइड कुणी देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, ते बंद केल्यावर सोरायसिस भयंकर उसळू शकतो.

बाळाचा विचार चालू आहे, औषधं चालतील का?

आधी सांगा, राहिल्यावर नाही. मेथोट्रेक्सेट आणि ॲसिट्रेटिन (सोरायसिसची आणखी एक गोळी) गरोदरपणात बाळाला इजा करतात, ॲसिट्रेटिन बंद केल्यावर तर 3 वर्षं गर्भधारणा टाळायची असते, म्हणून तरुण मुलींना ते शक्यतो देतच नाहीत. मॉइश्चरायझर, सौम्य स्टेरॉइड, लाईट असे सुरक्षित पर्याय असतात.

टेन्शनने वाढतं म्हणतात, पण टेन्शन तर याचंच आहे.

अगदी बरोबर बोललात. झोप मोडते, लोक बघतात, पूर्ण बाह्यांचे कपडे शोधावे लागतात, आणि मग कुणीतरी सल्ला देतं की टेन्शन घेऊ नका. या आजारांत डिप्रेशन जास्त दिसतं हे डॉक्टरांना माहीत आहे, तेव्हा मन उदास असेल, जगणं नको वाटत असेल तर ते चट्ट्यांइतकंच स्पष्ट सांगा, तोही ट्रीटमेंटचा भाग आहे.

ताबडतोब दवाखाना गाठायचा ती लक्षणं कोणती?

जवळजवळ सगळं अंग लाल होऊन साल निघणं आणि थंडी वाजणं. ताप आणि अंगावर पुवाच्या बारीक पुटकुळ्या. एक्झिमावर अचानक एकसारख्या आकाराचे छोटे फोड किंवा टोचा मारल्यासारख्या जखमा, आग, ताप, हे नागिणीच्या कुळातल्या हर्पीस व्हायरसचं इन्फेक्शन असू शकतं, त्याला त्याच दिवशी औषध लागतं आणि डोळ्याजवळ असेल तर अजिबात थांबू नका. पित्त उठताना ओठ-जीभ सुजणं किंवा श्वास अडकणं, ही इमर्जन्सी.

डॉक्टरकडे जाताना काय नेऊ?

त्वचा नेमकी त्या दिवशी चांगली असते, म्हणून वाढलेलं असताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा, एक जवळून आणि एक लांबून, दिवसाच्या उजेडात. आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्या सुद्धा, दुसऱ्या कुणी दिलेल्या सुद्धा. तिथून उठायच्या आधी तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: कुठे कोणतं लावायचं, किती दिवस, आणि साफ झाल्यावर काय चालू ठेवायचं.